पश्चिमेची खिडकी

आमच्या मागच्या अंगणात एक अनोळखी माणूस पालथा पडला होता.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी खळीचा डबा धुवायला मागच्या दारात आले, तर हे दृश्य. एक गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, हातात मोजपट्टी.

"काही हरवलंय का?"

"हो," तो न उठताच म्हणाला. "एक फूट."

"कुणाचा?"

"या घराचा. कागदावर सव्वीस आहे, इथे पंचवीसच भरतंय. तुमची भिंत सरकली की काय?"

"आमची भिंत कुठे जात नाही. तुम्ही मात्र चुकीच्या घरात आलाय."

तो उठून बसला. शर्टभर माती, कानावर निळी पेन्सिल, गालावर गवताची एक काडी. त्याने हातातला कागद पाहिला, मग दारावरचा नंबर, मग मला.

"शेजारचं घर…?"

"शेजारचं घर."

"अर्धा तास मोजतोय मी!" कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. काडी मात्र तशीच. मी हात मागे बांधून उभी राहिले. हातांचा भरवसा वाटेना.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. भूगोलाचे निवृत्त मास्तर, फुकट काही वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. "मोजलंच आहे तर आमचीही एक खोली आखून द्या," ते म्हणाले. "ही पुस्तकांची बांधणी करते, जेवणाच्या टेबलावर. परवा वाटीतली खळ मी दही समजून चाखली."

"कशी लागली?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"मीठ कमी होतं."

अशी आमची खोली सुरू झाली. एका चुकीच्या नंबरामुळे.

•

त्याची कामाची एक रीत होती. आराखडा तो हाताने काढायचा, पातळ ट्रेसिंग पेपरवर, आणि कागद आमच्याकडे ठेवून जायचा. सोबत एक लाल पेन्सिल.

"जे पटणार नाही त्यावर लालने लिहायचं. मी निळ्याने उत्तर देईन. तोंडी नाही सांगायचं."

"का?"

"तोंडी भांडण माणसं विसरतात. मग भिंत उभी राहिल्यावर आठवतं."

"आणि मला भांडायचंच नसेल तर?"

त्याने मान वर केली, जरा जास्तच वेळ पाहिलं. "तर खोली चांगली होणार नाही," म्हणाला.

•

कागद पहिला. समासातलं थोडं:

लाल: दार इथे का?

निळा: तुम्ही दोन्ही हातांत पुस्तकं घेऊन येता. दार कोपराने ढकलता. उजव्या.

लाल: तुम्हाला काय माहीत?

निळा: मोजताना सगळंच दिसतं.

लाल: मोजताना भिंतीकडे बघायचं असतं.

निळा: भिंत कुठे जात नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं.

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. "या आराखड्यात खोली कमी आणि अक्षरंच जास्त दिसतायत," म्हणाले, आणि उत्तरेचा बाण बरोबर आहे की नाही तेवढं तपासून निघून गेले.

मी तो कागद रात्रभर दाबयंत्रात ठेवला. घडी मोडावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं… नव्हतंच.

•

कागद दुसरा.

पश्चिमेच्या भिंतीला एक खिडकी आली होती. पाच फूट रुंद, खाली बसायला कट्टा, कट्ट्यावर उशीची गोल रेघ. आख्ख्या आराखड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. आणि तिच्या पोटात, बारीक अक्षरात, दोन शब्द:

*तिची खिडकी.*

ती कोण? मी तर "तुम्ही" होते. पहिल्या कागदावर सात वेळा "तुम्ही". मोजले होते मी.

तो आला तेव्हा मी कागद त्याच्यासमोर पसरला आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. 

"अरे…" त्याचा चेहराच उतरला. "हे राहिलं वाटतं. जुना कागद खाली ठेवून गिरवली मी खिडकी. हात आपोआप चालतो, अक्षरंसुद्धा गिरवून गेला."

"जुना म्हणजे किती?"

"सात वर्षं."

"आणि ती म्हणजे कोण?"

चहाच्या कपावरची साय तो चमच्याने बाजूला करत राहिला. "होती एक. मी तिला विचारायच्या आधी आमचं घर काढलं. आख्खं. पडद्यांसकट. तोवर तिने दुसरीकडे होकार दिला."

"मग?"

"मग दोन वर्षांनी ती दोघं माझ्याकडेच आली. घर वाढवायचं होतं. मी तीच खिडकी काढून दिली."

"दिलीत?"

"कागद तयारच होता ना," तो म्हणाला आणि हसला.

मला हसू आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती लिहायला माझ्याकडे लाल पेन्सिलही होती.

लाल: पश्चिमेची खिडकी चालणार नाही. दुपारचं ऊन थेट टेबलावर येईल. कागद पिवळा पडेल. खळ लावून होण्याआधीच वाळेल.

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. म्हणून तर लिहिताना इतकं बरं वाटलं.

•

कागद तिसरा: खिडकी दोन फूट डावीकडे सरकली. शब्द खोडलेले. रबराने घासलेली जागा मात्र उजेडात धरली की दिसत होती.

लाल: पश्चिम डावीकडे सरकली तरी पश्चिमच.

निळा: जाड पडदा लावता येईल.

लाल: मग खिडकी कशाला?

निळा: खिडकी सुंदर आहे.

सुंदर! कट्टा तरी गेला का? नाही. उशी? तीही होती. कोण बसायचं त्या उशीवर, डोकं मागे टेकून, एक पाय वर घेऊन? लांब केसांची असणार. सावकाश बोलणारी. हाताला कधी खळ न लागलेली.

माझ्या नखांत कायम खळ असते.

कागद चौथा: खिडकी लहान झाली. गेली नाही.

•

त्याने बोलता बोलता एकदा सांगितलं होतं, तिचं घर औषधांच्या दुकानाशेजारी आहे, हिरव्या फाटकाचं. मला औषध काहीच नको होतं. तरी मी तिकडे गेले. डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि चार पावलं पुढे चालत गेले.

हिरवं फाटक. पश्चिमेची भिंत. खिडकी.

खिडकीत कुणीच नव्हतं. पडदाही नव्हता. काचेमागे होती एका कपाटाची पाठ. प्लायवूडची, दुकानदाराच्या चिठ्ठीसकट. पाच फूट रुंद, पार वरपर्यंत!

मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

"कुणाकडे आलात?"

ती फाटकाशी उभी होती. हातात ओल्या कपड्यांची बादली, केस आखूड, माझ्यासारखीच घाईत. गालाला खळी पडत होती.

"चुकीच्या घरात आले," मी म्हणाले.

"होतं असं," ती हसून म्हणाली. "उन्हाच्या आलात, पाणी देऊ?"

चांगलीच होती हो. ते तर जास्त लागलं.

घरी आले आणि चौथ्या कागदावर, त्या लहान झालेल्या खिडकीच्या आत, लिहिलं:

लाल: तिच्या खिडकीला आतून कपाट लावलंय. मी बघून आले.

दुसऱ्या दिवशी त्याने ते माझ्यासमोर उभ्याने वाचलं. एकदाच. मग कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि बाबांना "येतो" म्हणून निघून गेला. मला नाही म्हणाला.

निळी पेन्सिल टेबलावरच राहिली.

•

(पाचवा कागद आला नाही.)

(एक आठवडा.)

(मी निळ्या पेन्सिलीला दोनदा टोक केलं. तिने काहीही लिहिलेलं नसताना.)

बाबा म्हणाले, "खोली नाही झाली तर नाही. मला खळीची सवय झालीय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "काय गं पोरी, काय लिहिलंस एवढं?"

"खरं तेच लिहिलं, बाबा."

"तेच विचारतोय."

मला ऊन दाखवायचं नव्हतं त्याला. कपाट दाखवायचं होतं. सात वर्षं त्याने जपून ठेवलेली एकच गोष्ट, आणि ती बुजवलेली मी पाहिली, खूश झाले, आणि त्याच्या हातात नेऊन दिली.

•

दहाव्या दिवशी सकाळी मी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते. अंगणात सावली पडली. या वेळी तो उभा होता.

"मी गेलो होतो," तो म्हणाला. "बघायला."

माझा कप थांबला.

"तिने चहा दिला…"

"चहा?" माझ्या तोंडून गेलंच. "किती वेळ होतात?"

"पाव तास."

"पाव तासात एवढं काय बोलणं होतं?"

"सांगू देशील का?" तो पहिल्यांदाच मला "तू" म्हणाला होता, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. "ती म्हणाली, पहिल्याच उन्हाळ्यात कपाट लावलं. डोळ्यांवर ऊन यायचं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. मी विचारलं, मग तू बसतेस कुठे? तर स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी, स्टुलावर. आईकडेही तिथेच बसायची म्हणे." तो स्वतःशीच हसला. "मी तिच्यासाठी आख्खं घर काढलं. आणि एवढं एक कधी विचारलंच नाही."

"मी ते तसं लिहायला नको होतं."

"का लिहिलंस?"

मी चहाकडे बघत राहिले. "ऊन येतं म्हणून."

"फक्त ऊन?"

"…त्या उशीवर ती बसलेली दिसायची मला. प्रत्येक कागदावर. मला नको होती माझ्या खोलीत ती."

त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"तू कुठे बसतेस?"

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "इथे," मी म्हणाले. "याच पायरीवर. खळ वाळेपर्यंत."

"धर." त्याने पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. पट्टी पायरीवरून सरकत माझ्या दुसऱ्या बाजूला गेली. आकडा त्याने दोनदा तपासला. इतक्या भिंती मोजलेला माणूस! "दीड फूट," म्हणाला.

•

कागद पाचवा.

उत्तरेला उंचावर लांबट खिडकी, कागदाला हवा तसा थंड उजेड देणारी. पश्चिमेची भिंत कोरी. आणि मागच्या दारात पायरी. चार फूट रुंद.

तो शेजारीच उभा होता, तरी मी लालने लिहिलं: *मला दीड फूट पुरतो. बाकीची कशाला?*

मी निळी पेन्सिल त्याच्यापुढे केली. त्याने घेतली नाही.

"हे तोंडी," तो म्हणाला. "मागच्या वेळी न विचारता काढलं आणि चुकलं. या वेळी रेघ मारलीय, पण आधी विचारतोय. उरलेल्या जागेत मी बसू?"

आतून बाबांच्या वर्तमानपत्राचा आवाज एकदम थांबला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. दीड माझा, दीड त्याचा.

"मधे एक फूट उरतो," मी म्हणाले.

"तोच असणार," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी हरवलेला."

मग मी तो लालने खोडला. पायरी तीन फुटांचीच ठेवली.

•

खोली होऊन आता वर्ष झालं. औषधांच्या दुकानात मी अजून अधूनमधून जाते, गोळ्या घेते, चार पावलं पुढे चालते.

कपाट जागेवर आहे. आपलं बघून आलेलं बरं.