मागे ठेवलेला गोळा

चिमणी ज्या वर्षी शाळेत जायला लागली, त्याच वर्षी तिच्या आजोबांची इंजेक्शनं चालेनाशी झाली.

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून इंजेक्शन देऊन त्याचं खाणंच तोडायचं, असा उपाय चालला होता. काही वर्षं रोग दबून राहिला. मग तो उपाशीपोटी जगायला शिकला आणि हाडांत उतरला.

आबांची पावाची भट्टी होती. जन्म विस्तवापुढे गेलेला माणूस, स्वेटर कधी अंगाला लावला नाही. रोज मळलेल्या पिठातला एक गोळा ते बाजूला काढून ठेवत. दुसऱ्या दिवशीचं पीठ त्यावर फुगायचं. भट्टी बंद केली त्या दिवशी शेवटचा गोळा त्यांनी स्वतःच्या हाताने विस्तवात टाकला. "आता संपलं," म्हणाले आणि हात धुतले. त्यांच्या लेकीने, चिमणीच्या आईने, ते दारातून पाहिलं होतं. तिला चाळिशी उलटली तरी घरात बेबीच म्हणत.

बेबीचा नवरा संशोधक होता, आणि नेमका याच रोगावर काम करणारा. इंजेक्शनांना जुमानत नाही तो कॅन्सर मारायचा कसा, हेच त्याच्या डोक्यात चोवीस तास.

"आबा, तुमच्या हाडातला एक तुकडा द्या," तो म्हणाला. "त्यातल्या पेशी आम्ही वाढवू. नवी औषधं आधी त्यांच्यावर घालून बघू. जे लागू पडेल ते पहिलं तुम्हाला."

"म्हणजे आधी मला बाटलीत भरून चाखणार! घ्या, जावईबापू. घरचाच माल आहे."

असल्या पेशी बाटलीत सहसा तग धरत नाहीत. आबांच्या धरल्या. नुसत्या धरल्या नाहीत, त्यांना पोसणाऱ्या गुलाबी पाण्यात फोफावल्या. जावयाचे पाय काही दिवस जमिनीवर नव्हते.

पहिल्यांदा खटकलं ते जेवण. एखाद्या दिवशी आबा ताट पुढे सारत.

"पोट भरलंय. गोडसर काहीतरी प्यायलोय ना."

घरात कुणी काही दिलेलं नसे. बेबीने सहज नवऱ्याला सांगितलं. तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "आज आम्ही पेशींचं पाणी बदललं खरं." दोघांनी विषय तिथेच सोडला.

पुढे औषधं सुरू झाली. पहिलं औषध बाटलीत पडलं त्या दुपारी आबांच्या पाठीची आग आग झाली. दुसऱ्याच्या वेळी हात बधिर पडले. त्यांच्या अंगात त्यातला थेंबही गेलेला नव्हता. पेशी मात्र एकाही औषधाने मेल्या नाहीत.

एका सकाळी आबांनी जावयाला जवळ बोलावलं. "बस झालं. तिकडचं सगळं टाका. मला सुटू द्या."

"टाकतो, आबा."

"चिमणीची शपथ?"

त्याने एकदा बेबीकडे पाहिलं. "चिमणीची शपथ."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. आबा कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी उठले ते कुडकुडतच.

बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा बंद केला, अंगावर दोन रजया घातल्या. थर्मामीटर म्हणे सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले रक्त कमी झालंय. पण कोमट पाण्याचा पेला आबांच्या हातात दिला, की काचेवर बाहेरून दव धरायचं. बेबी ते फडक्याने पुसायची. पुन्हा धरायचं.

"कसली थंडी वाजते, आबा?"

"कोरडी," ते म्हणाले. "आणि जागा फार अरुंद आहे गं. हात हलवता येत नाही."

जावई खोलीत आला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गोळा मागे ठेवलात ना?"

"नाही, आबा."

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा ते जावयाशी बोलले नाहीत.

नवऱ्याचा विसरलेला डबा घेऊन बेबी एका दुपारी प्रयोगशाळेत गेली. तो मीटिंगमध्ये होता. त्याची मदतनीस बाई तिला पाहून खुलली.

"तुमच्या वडिलांच्या पेशी ना? अहो, त्यांच्यावरच तर आमचा संसार चाललाय!"

"पण त्या टाकल्या ना?"

"बाटल्या टाकल्या. गोठवलेल्या नळ्या आहेत की." बाईंनी कमरेएवढ्या टाकीचं झाकण उचललं. पांढरी वाफ काठावरून खाली सांडली. "शेवटची नळी कुणी टाकतं होय? इथे वर्षानुवर्षं झोपून राहतील. काही तर परदेशी पाठवल्यात, मागणी आली म्हणून."

नळ्या करंगळीएवढ्या होत्या.

नवरा आला. बेबी टाकीपाशीच उभी होती.

"लेकीची शपथ खाल्लीस तू."

"बाटल्या टाकल्या होत्या गं, खरंच. अशा पेशी शोधून सापडत नाहीत. उद्या कुणाचा तरी बाप वाचेल."

"आणि माझा?"

"ते... वाचणार नव्हतेच, बेबी."

हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते तिला आत्ता कळलं.

तिने एकेक नळी बाहेर काढायला लावली. ब्लीचमध्ये बुडवायला लावली.

घरी आबांसाठी ठेवलेल्या नर्सने दार उघडलं.

"आत्ताच गेले. थंडी गेली म्हणाले. रजया स्वतःच काढल्या हो."

डॉक्टर येऊन गेले. दिवस कलला. बेबी आबांचा हात धरून बसली होती.

हात कोमट होता.

नवऱ्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि पालथा ठेवला.

"काय आहे?"

"परदेशातून आहे. तिकडे नळी उघडलीय. पेशी जाग्या झाल्यात म्हणे. आत्ताच पाणी घातलं."

बेबीने आबांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात ओल आली होती. तिने फडक्याने पुसली. फडकं गुलाबी झालं. गोडसर वास आला.

तिने पुन्हा पुसलं.

आबा वारले ते, चिमणीच्या शाळेला पहिली उन्हाळी सुट्टी लागली त्या दिवशी, भर दुपारी. घरात सगळे असंच सांगतात.