सहावं बोलावणं

एक सीडी संपली की दुसरी लावणाऱ्या माणसाला डीजे म्हणायची माझी आजही तयारी नाही. ते काम हॉलचा वॉचमनसुद्धा करू शकतो. मी हे लोकांच्या तोंडावर बोलायचो, त्यामुळे हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात मला पार्टीला फारसं कुणी विचारत नसे. आठवडाभर मी तिथे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचो आणि शनिवार-रविवार जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत सॅम्पलर मांडीवर घेऊन बसायचो. वहीएवढं यंत्र, त्यावर आठ रबरी चौकोन. कुठलाही आवाज त्यात घ्यायचा, कापायचा, एकेका चौकोनावर ठेवायचा आणि गाणं चालू असताना बोटांनी वाजवायचा. एखादा तुकडा गोल गोल फिरत ठेवला की झाला लूप. समोर लोक नाचतात आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत तिथल्या तिथे गाणं बदलत असता. मला त्याचं वेड होतं.

२००८च्या फेब्रुवारीत घरमालकीण सगुणाबाईंच्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. हळदीला डीजे म्हणून मीच होतो. स्नेहल मुद्दाम वर खोलीत येऊन सांगून गेली.

"शैलेशदादा, तीच ती गाणी नका लावू. आमच्या घरातलं कायतरी घाला. आईचा आवाज घाला."

त्यांच्या घरात हळदीच्या दिवशी सकाळी गेलेल्या माणसांना नावानं बोलावायची रीत होती. थोरली बाई दक्षिणेच्या बांधावर उभी राहून एकेकाला हाक मारते. जितकी नावं, तितकी पानं ओळीनं वाढून ठेवतात. दिवेलागणीला त्याच जागी उभं राहून एकेकाला नावानं निरोप द्यायचा. बांधापलीकडची जमीन त्यांनी विकली होती आणि तिथे सात मजल्यांची इमारत चढत होती, पण बांध तेवढा राहिला होता. मी तिथे माइक धरून उभा राहिलो. सगुणाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

"दादासाहेब, हळदीला या. गोजराबाई, हळदीला या. तुळजाबाई, हळदीला या. जनार्दन भावजी, हळदीला या."

नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. थोडं थांबून म्हणाल्या, "स्नेहलचं बाबा, हळदीला या."

"आई, दादाला बी बोलव की," स्नेहल हळूच म्हणाली.

तिचा मोठा भाऊ माऊली चार वर्षांपूर्वी मित्रांबरोबर मुळशी धरणावर पोहायला गेला होता. काठावर मोटरसायकल आणि कपडे सापडले, तो सापडला नाही. पौडच्या पोलीस ठाण्यात कागदोपत्री तो बेपत्ता होता. सगुणाबाई मात्र कुणी विचारलं की पोरगा बाहेरगावी गेलाय म्हणून सांगत. स्नेहलला एकच घोर लागला होता. आपण सासरी गेल्यावर आई या घरात एकटीच दाराकडे बघत बसणार. त्याआधी एकदा आईनं माऊलीचं पान वाढावं, त्याला निरोप द्यावा आणि मोकळं व्हावं.

"जित्या मानसाला त्यांच्यात कोन बोलावतं?" सगुणाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "घेतला न्हवं आवाज? पर यकदाच वाजवा. बोलावनं यकदाच करायचं आसतं."

मी मान डोलावली. लूप म्हणजे काय ते त्यांना समजावत बसायचा मला कंटाळा आला. तो कंटाळा मला फार महागात पडला.

खोलीत येऊन मी हाका कापल्या. पाच हाका, प्रत्येकी चार सेकंद, एकूण वीस. पहिल्या पाच चौकोनांवर त्या ठेवल्या. उरलेल्या तिनांवर हलगी, बांगड्या आणि उखळात हळकुंडं कुटल्याचा आवाज. लूप सुरू केला. पाचवी हाक झाल्यावर चार सेकंद शांतता आली आणि मग पुन्हा पहिली. लांबी बघितली तर चोवीस सेकंद. पुन्हा कापली, वीस केली, सुरू केली. पुन्हा चोवीस. ऑफिसात असतो तर यंत्राचा दोष म्हणून नोंद करून पुढे गेलो असतो, इथेही मनातल्या मनात तेच केलं. शिवाय ती रिकामी जागा तालात चपखल बसत होती. खरं सांगायचं तर मी खूश झालो.

दुपारी चारला हळद लागली. मांडवाचं कापड पिवळं होतं, त्यातून झिरपणारं ऊनही पिवळं झालं होतं, आणि त्यात हळदीनं माखलेल्या बायका. कोण कुठे संपतंय ते नीट कळत नव्हतं. इमारतीवरची क्रेन आकाशात सावकाश फिरत होती. मी आधी नेहमीची गाणी वाजवली, मग त्यांचा आवाज उतरवत हलगी आणली, बांगड्या आणल्या आणि शेवटी सगुणाबाईंच्या हाका सोडल्या.

बायका हसल्या. "आगं, आपली सगुणाच की," कुणीतरी म्हणालं. मग हसणं थांबलं आणि त्या डुलायला लागल्या. वेग मी बदलला नव्हता, यंत्रावर आकडा तोच होता, तरी सगळ्यांचे हात संथ होत गेले, पाण्यात हलवावेत तसे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मलाही फार गोड गुंगी आली होती. इतकं सुंदर मी आयुष्यात काही वाजवलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला त्या रिकाम्या चार सेकंदांत कुणीतरी श्वास घेतला.

चौथ्या फेरीला श्वासामागून दुरून पाण्याची चुळुकचुळुक आली. मी बोटं चौकोनांवरून उचलली.

पाचव्या फेरीला सगुणाबाईंच्या आवाजात स्वच्छ हाक आली.

"माऊली, हळदीला ये."

सगुणाबाई स्नेहलच्या गालाला हळद लावत होत्या. त्यांचा हात तिथेच राहिला. ओठ मिटलेले होते, मी बघत होतो.

मी लूप बंद केला. तो बंद झालाही.

कुणी ओरडलं नाही की पळालं नाही. सगुणाबाई उठल्या, हात धुतले आणि एक पान घेऊन आत गेल्या. मी दारापर्यंत गेलो. आत पाच पानं भिंतीशी ओळीनं वाढलेली होती. सहावं त्यांनी त्या ओळीत ठेवलंच नाही. चुलीजवळ, घरची माणसं जेवायला बसतात तिथे मांडलं, गरम भाकरी वाढली आणि समोर बसून राहिल्या.

"आजून घे की," त्या म्हणाल्या. "लई वाळलाईस."

पानापुढे कुणीच नव्हतं.

दिवेलागणीला बांधावर त्यांनी निरोप दिला. दादासाहेब, गोजराबाई, तुळजाबाई, जनार्दन भावजी, स्नेहलचं बाबा. पाच नावं घेऊन त्या घराकडे वळल्या. स्नेहलनं त्यांचा हात धरला. ती रडत होती.

"आई, दादाला पन जा म्हन. तुझ्या पाया पडते."

"त्याला कशाला? त्याचं घर हाय."

स्नेहल माझ्यावर भडकली. आईचे जुने शब्द जोडून मीच ती हाक बनवली, असं तिला वाटलं. मी तिला सॅम्पलर ऐकवला. आता लांबी वीस सेकंद, पाच हाका, मागे ती रिकामी जागाही नाही. मी स्वतः तीस वेळा तरी ऐकलं. शिवाय माऊलीचं नाव सगुणाबाईंच्या तोंडून माझ्याकडे कधी रेकॉर्ड झालंच नव्हतं, मग कापणार काय आणि जोडणार काय? पण मांडवातल्या सगळ्या बायकांनी सहा हाका ऐकल्या होत्या. मला त्या पोरीसमोर मान वर करवेना. तिला आईची सुटका हवी होती आणि मी नेमकं उलटं करून बसलो होतो.

लग्न झालं, स्नेहल सासरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई जिना चढून वर आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. त्यांचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. त्यांना बघून भीती वाटावी असं काहीच नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

"शैलेशराव, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "खोली लागंल आमाला. पोरगं आलंय."

मी वाद घातला नाही. दुपारपर्यंत सामान मित्राच्या गाडीत भरलं, खोली झाडली, कोपरान् कोपरा बघितला. रिकामी खोली, एक खिडकी, तिला गज. दार ओढून घेतलं आणि खाली जाऊन सगुणाबाईंपुढे कुलूप-किल्ली धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हितनं फुडं कुलपाचं काय काम न्हाई."

मी वर बघितलं. माझ्या खोलीच्या दाराला कुणीतरी आतून कडी लावत असल्याचा आवाज येत होता. ती गंजलेली होती, सहजी बसत नसे. जरा वर उचलून मग सरकवावी लागे, आणि हे घरच्या माणसाला ठाऊक असतं, नव्या माणसाला नसतं. दोनदा ती अडखळली. तिसऱ्यांदा बसली.