आंधळा गरुड

"घालवलात ना! अहो, घालवलात तुम्ही त्याला!"

प्रणित मिठागराच्या बांधावरून ताडकन उठला, तसा मांडीवरचा डबा घरंगळत चिखलात गेला. त्याला त्याचं भान नव्हतं. समोरच्या लाकडी खांबावर कधीपासून बसलेला समुद्री गरुड रुंद करडे पंख पसरून खाडीपलीकडे निघाला होता. आणि जिच्या चाहुलीने तो उठला, ती मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन, हातात जेवणाची पिशवी धरून खुशाल उभी होती.

"कोणाला घालवलं?" तिने मागे वळून पाहिलं. "इथं तर कुत्रंबी नव्हतं."

"गरुड होता!"

"तो होय? तो रोजचाच हाय. येईल परत." मग चिखलाकडे बघत ती म्हणाली, "तुमच्या पोळ्या मात्र नाय येणार."

ही दिपा. गव्हाणच्या कमळाकर घरतांची धाकटी. घरतांचं मिठागर एके काळी नजर पोचेल तिथवर होतं, आता उरले होते चार-दोन वाफे आणि कडेला मिठाच्या राशी. कमळाकर तेवढ्यासाठीही रोज उन्हात यायचे, आणि दिपा त्यांची भाकरी घेऊन यायची. त्या दिवशी त्या भाकरीतली अर्धी प्रणितने खाल्ली. सुकटीच्या कालवणाने नाक गळायला लागलं तरी 'तिखट आहे' म्हणाला नाही. पहिल्याच भेटीत कोण म्हणेल?

प्रणित पनवेलला लाइन आळीत जगनकाकांच्या स्टुडिओत कामाला होता. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, डोळे मिटलेल्या आजोबांचे डोळे उघडून द्यायचे फोटो. दुपारी स्टुडिओचं शटर खाली आलं की तो गरुडाच्या फोटोसाठी स्कूटरला किक मारून थेट मिठागर गाठायचा. बाकीचे हौशी लोक भल्या पहाटे यायचे, कोवळ्या उन्हात फोटो काढून नाश्त्याला घरी जायचे. याच्या वाट्याला उरायची ती टळटळीत दुपार. ऊन असं डोक्यावर, की गरुडाचं पांढरं पोट फोटोत नुसतं जळून जायचं, आणि डोळा कपाळाच्या सावलीत बुडायचा.

"हा तर आंधळा हाय," दिपा कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून म्हणाली. एव्हाना ती रोज भाकरीनंतर त्याच्याजवळ बसायला लागली होती, आणि 'तुमी' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. "हापण आंधळा. हापण. तुझा पगार कापत नाय कोण?"

"दुपारच्या उन्हात डोळा येत नाही."

"मग विमानाचा काढ." वरून नवीन विमानतळाकडे एक विमान उतरत होतं. "त्याला डोळेच नाय. आणि टायमावर येतं."

प्रणित हसला. तिने ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि तापलेल्या कॅमेऱ्यावर टाकलं. मग थोडं थांबून... दुसरं टोक त्याच्या मानेवर. गार पाण्याचा एक ओघळ त्याच्या पाठीवरून खाली उतरला. ती भलतीकडेच बघत होती, पण कान लाल झाले होते. उन्हानेही होतात म्हणा.

"जवळ का नाय जात?" तिने विचारलं. "एवढा लांब बसतोस."

"आपण जायचं नसतं. एका जागी गप बसायचं. त्याला आपली सवय झाली की तोच जवळ येतो. आपण एक पाऊल टाकलं की उडाला."

"आणि नाय आला तर?"

"तर उद्या."

"उद्याबी नाय आला तर?"

"तर परवा."

"भारीच की," दिपा म्हणाली आणि वाळक्या काडीने मातीत रेघा ओढत राहिली. शहाण्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. आमचा प्रणित त्या वेळी गरुडाकडे बघत होता.

एकदा ती मिठाच्या राशीवर वाकून ओंजळीत खडे घेत होती. सहज त्याने मान वळवली, आणि तो तसाच बघत राहिला. डोक्यावर कडक ऊन असूनही तिच्या चेहऱ्यावर एकही सावली नव्हती. मिठावर आपटून वर उसळलेला उजेड तिच्या हनुवटीखाली, गालांवर, पापण्यांच्या आत पोचला होता. डोळे लखलखत होते.

"काय झालं? भूत बघितलंस?"

"हलू नकोस," तो म्हणाला. "नाही... हल. म्हणजे... मला कळलं!"

त्याला जे कळलं ते उजेडाबद्दल होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने खांबाचा नाद सोडला आणि राशींच्या पलीकडे बैठक मारली. गरुड राशींवरून कमी उंचीवर उडेल तेव्हा मिठाचा उजेड त्याच्या पोटाखाली जाईल, असा त्याचा हिशेब. होळीच्या सुमारास तो फोटो मिळाला. पोटाचं पीस न् पीस दिसत होतं, आणि डोळ्यात एक टपोरा ठिपका चमकत होता. दिपाने फोटो पाहिला आणि टाळी वाजवली.

"दिसायला लागलं बिचाऱ्याला!" मग हळूच म्हणाली, "आता तुझं काम झालं. आता कशाला येशील तू?"

"येईन की," तो म्हणाला. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण तो कॅमेऱ्याचं झाकण लावत बसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती भाकरीची पिशवी न उघडताच बसली.

"कुमुदकाकीने पेणचं स्थळ आणलंय. मुलगा बँकेत हाय. फोटो मागितलाय माझा."

वाऱ्यावर मिठाचा वास येत होता.

"तू काढशील?" तिने विचारलं, आणि त्याच्याकडे बघत राहिली. एवढं थेट तिने कधी पाहिलं नव्हतं.

'नको देऊस कुणाला फोटो,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याला वाटलं, आपण एक पाऊल टाकलं आणि ही उठून गेली तर? हे रोजचं बसणंही जाईल. ती स्वतःच काय ते बोलेल. तिलाच बोलू दे.

"काढतो की," तो म्हणाला. "साडी नेसून ये."

"काढतोस?"

"हो."

"बरा काढशील?"

"तुझा वाईट येईल कसा?"

ती हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती जांभळी साडी नेसून आली. त्याने तिला राशींच्या मध्ये उभं केलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली, पदर सारखा करायला पुढे झालेला हात मागे घेतला आणि तोंडानेच सांगितलं, "पदर... जरा डावीकडे."

"बघू कुठे? काचेकडे की तुझ्याकडे?"

"माझ्याकडे."

तिने पाहिलं. त्याने बटण दाबलं. असा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता, आणि तो वेडा त्या आनंदात "एकदम मस्त! उजेड बघ काय आलाय!" असं म्हणत राहिला. ती चपला हातात घेऊन बांधावरून निघून गेली.

पेणहून लगेच होकार आला.

दिपा पेढे घेऊन स्टुडिओत आली तेव्हा जगनकाका जेवायला गेले होते. तिने पुडा काउंटरवर ठेवला.

"सासू म्हणाली, डोळ्यांवरच पसंत केली मुलगी. काय चमक हाय म्हणाली."

"मिठाचा उजेड होता तो," प्रणित पुटपुटला.

"मिठाचा?" तिचा आवाज चिरका झाला. "मिठाजवळ मी लहानपणापासून उभी राहते रे. कधी चमकले नाय."

त्याने पुडा काउंटरवर उगाच सरळ केला.

"मला वाटलं होतं, तू म्हणशील, नाय काढत फोटो, जा. रात्रभर तेच वाटत होतं. साडी नेसतानापण."

"मी भ्यायलो, दिपा. म्हटलं, पुढे झालो तर तू उडून जाशील."

"मी काय गरुड हाय?" ती हसायला गेली आणि डोळे भरून आले. "पायांनी चालत येत होते तुझ्यापर्यंत. रोज. भाकरी घेऊन. आणखी किती जवळ यायचं होतं?"

बाहेर रिक्षावाले भांडत होते. आत पंखा उगाच फिरत होता.

"आता बोललो तर?" त्याने विचारलं. "आता, या घडीला?"

तिने पदराने डोळे पुसले.

"नको. बाबांनी शब्द दिलाय म्हणून नाय... तो मुलगा फोन करतो मला. जेवलीस का, बरी हायेस का... विचारतो रे तो. मला पण कोणी विचारलेलं बरं वाटतं." दारापर्यंत जाऊन ती वळली. "फोटो छान काढलास. खरंच."

लग्न वैशाखात झालं. प्रणित गेला नाही. पेढ्यांचा पुडा त्याने घरीही नेला नाही, जगनकाकांनीच संपवला.

पावसाळा सरला, मीठ पुन्हा पिकायला लागलं, आणि न राहवून तो एका दुपारी मिठागरावर आला. कमळाकर आता स्वतःच भाकरी बांधून आणत होते. "बस की," म्हणाले, "ती बरी हाय," म्हणाले, आणि कामाला लागले. गरुड खांबावर होता. ऊन तेच, डोळ्यांत खुपणारं. प्रणितने कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. काचेतून बघण्यासारखं त्याला आज काही वाटेना. पश्चात्ताप मात्र पोटात खडा बसल्यासारखा होता, आणि जेवणाची वेळ झाली की जास्तच टोचायचा.

कॅमेरा बांधावर ठेवून तो उठला आणि चालायला लागला. सरळ खांबाकडे. उडाला तर उडू दे, एवढाच विचार. पायाखाली मीठ करकरलं. गरुडाने मान वळवली. प्रणित आणखी पुढे गेला, आणखी पुढे. गरुडाच्या चोचीवरचा माशाचा खवला दिसायला लागला, वाऱ्याने हलणारी मानेवरची पिसं दिसायला लागली, तो काळसर तपकिरी, धारदार डोळा दिसायला लागला. प्रणित खांबाखाली येऊन उभा राहिला.

गरुड उडाला नाही.

"दिपा," प्रणित मोठ्याने म्हणाला. असं मोकळ्या आवाजात तिला त्याने कधी हाक मारली नव्हती. गरुडाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पंख नीट मिटून घेतले, आणि तिथेच बसून राहिला.