एका होडीपुरती जागा

माझ्या नवऱ्याला, ओव्हिदला, सोबत हवी होती म्हणून त्या सकाळी मी होडीत बसले, एवढंच. आमच्या दलदलीत शिकारीला एकट्यानं जात नाहीत, आणि त्याचा जोडीदार नेस्टर महिन्यापूर्वीच बायकोला घेऊन टेक्सासला गेला होता, तेलाच्या कारखान्यात. रानबदकंच येईनाशी झाली, तर शिकारी माणसानं करायचं काय? तीन हिवाळे आमचं आभाळ रिकामं होतं. ओव्हिद शहरातल्या हौशी शिकाऱ्यांना फिरवायचा, त्यावर आमचं चालायचं. तेही थांबलं. यंदाही थवे उतरले नाहीत, तर घर विकून आपणही टेक्सास गाठायचं, असं ठरलं होतं.

मी नवस बोलले होते. चर्चमधल्या माऊलीपुढे नऊ दिवस मेणबत्ती लावीन, आणि बदकं परतली तर जन्मभर बदकाचा गंबो, आमचा तो दाट रस्सा, तोंडात घालणार नाही. तो नववा दिवस होता.

"म्हणजे बदकं आली तर तू खाणार नाहीस, आणि नाही आली तर मला मिळणार नाहीत," ओव्हिद हसला. "माऊलीला तरी उलगडतंय का हे?"

"तू वल्हव. तिला सगळं उलगडतं."

उजाडलं होतं, पण धुकं इतकं दाट की होडीचं पुढचं टोक दिसेना. खाऱ्या चिखलाचा, कुजक्या गवताचा वास येत होता. ओव्हिदनं लाकडी बदकं एकेक करून पाण्यात सोडली, वाऱ्याकडे तोंड करून, मधे थोडी जागा मोकळी ठेवून.

"ही जागा कशाला?"

"खऱ्यांना उतरायला. आपली जागा राखून ठेवलीय, असं बदकाला वाटलं पाहिजे गं."

मग लव्हाळ्यात दडून त्यानं बदकासारखी ओरडणारी शिट्टी फुंकली.

धुक्यातून उत्तर आलं. एकाचं नाही, शेकडोंचं.

"युलाली... ऐकतेस ना?" तो कुजबुजला. मी छातीवर क्रूस काढला.

पण आवाज जवळ येईना. शिट्टी फुंकावी, आणि उत्तर यावं तेवढ्याच अंतरावरून. शेवटी आम्हीच त्याच्या मागे निघालो. धुक्यात दुसऱ्या शिकाऱ्याच्या शिट्टीला बदक समजून माणूस कसा फसतो, हे ओव्हिदनंच मला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी तोच विसरला.

पुढे मोकळं पाणी लागलं. बदक एकही नव्हतं. होड्या होत्या, सात-आठ. प्रत्येकीत दोन-दोन माणसं, सगळी गाव सोडून गेलेली. सर्वांत पुढे नेस्टर आणि त्याची बायको.

"अरे ए पळपुट्या!" ओव्हिद आनंदानं ओरडला. "टेक्सासचं पाणी बाधलं वाटतं?"

नेस्टर हसत होता. बोलला मात्र नाही.

"ओव्हिद... त्यांच्या तोंडातून वाफ येत नाही..."

"गारठलेत गं बिचारे."

तेवढ्यात वारा फिरला, आणि सगळ्या होड्या हळूच, एकदमच वाऱ्याकडे वळल्या. कुणी वल्ह्याला हात लावला नव्हता. हसू तसंच होतं. तेव्हा मला त्यांच्या मधली मोकळी जागा दिसली. एका होडीपुरती.

मी त्याच्या हातून वल्हं हिसकावलं आणि होडी मागे फिरवली. पलीकडचं लव्हाळं अगदी गप्प होतं... कुणी श्वास रोखून बसावं तसं.

घरी येऊन मी नेस्टरला फोन केला. तो टेक्सासमध्येच होता, नाश्ता करत. ठणठणीत.

ओव्हिदला त्या होड्या आठवत नाहीत. "बदकं आली होती, तू घाबरलीस म्हणून उडाली," एवढंच म्हणतो. घर विकायचा विषय त्यानं बंद केलाय. मी मागितलं होतं ते हेच ना? मग माझं मागणं ऐकलं कुणी? मी पुन्हा नऊ दिवसांची मेणबत्ती लावलीय. काय मागावं ते सुचत नाही, पण माऊली समजून घेईल, अशी आशा आहे.

काल दुपारी ओव्हिद धक्क्याच्या पायरीवर बसला होता. मी कॉफीचा पेला घेऊन त्याच्या अगदी मागे उभी होते. तो अचानक उठला, होडीची दोरी सोडू लागला आणि दलदलीकडे पाहत लाडानं म्हणाला,

"आलो गं युलाली, आलो. किती हाका मारशील?"