पायविहिरीचं पाणी

"शी... वन्सं, तुमच्या पायातून काहीतरी बाहेर येतंय!"

सुमनवहिनींचा आवाज असा फाटला, की विमलच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेवरच दुमडली. घोट्याजवळचा फोड गेले काही दिवस तिला जाळत होता. लुगड्याच्या काठाआड ती तो लपवत आली होती, आणि आज तो फुटून त्यातून शेवईसारखा पांढरा, ओला धागा लोंबत होता. धागा कसला... तो हलत होता! स्वतःच्याच पायाची तिला अशी शिसारी आली, की तो कापून चुलीत घालावा असं वाटलं.

"नारू आहे, वहिनी," ती मान खाली घालून म्हणाली.

वहिनींनी तोंडावर पदर दाबला, मोरी कशीबशी गाठली आणि त्या भडाभडा ओकल्या. मग तिथूनच त्यांनी फर्मान सोडलं, की आजपासून वन्संनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मागच्या पडवीत पडून राहायचं, आणि रांजणाला तर बोटसुद्धा लावायचं नाही.

रांजणाला बोट लावायचं नाही! विमलला हसू आलं, आणि त्या हसण्याचीही किळस आली. वर्षभर तो रांजण ती एकटी भरत होती, आणि त्यातलं पाणी कुठलं, हे तिच्याखेरीज त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

विनायकदादा तिचे थोरले भाऊ. माळव्यातल्या एका लहानशा संस्थानात त्यांनी खासगीचा कारभार सांभाळला होता. संस्थान विलीन झालं, दरबार मोडला, पगडी खुंटीला लागली आणि दादांना वेळेआधीच पेन्शन घेऊन घरी यावं लागलं. सिंधीपुऱ्यातलं हे जुनं घर विकून टाकावं, इंदूरला मुलाजवळ, नंदकुमारजवळ राहावं, बऱ्हाणपूरच्या भट्टीत म्हातारपण कशाला भाजून काढायचं, असा वहिनींचा धोशा होता. दादांनी तो मानला नाही, कारण त्यांना परसातल्या पायविहिरीचं पाणी हवं होतं. त्या पाण्याची तारीफ त्यांनी सगळी हयात दरबारात सांगितली होती. घर विकलं गेलं असतं तर विमल कुठं जाणार होती? नवरा गेल्यावर सासरच्यांनी धूलकोटहून परत धाडलेली, आईवडिलांचं शेवटपर्यंत करून याच भिंतींत उरलेली... इंदूरच्या दोन खोल्यांत तिलाही जागा आहे, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

विहीर मात्र केव्हाच नासली होती. गल्लीतली माणसं पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागरी भरत, त्यांतल्या कुणाकुणाला नारू झालेला, आणि तो विहिरीत वसला तो वसलाच. ते पाणी पिऊ नका, असं दवाखान्याची माणसं घरोघर सांगून गेली होती. उन्हाळ्यात त्यावर हिरवट साय धरायची आणि कुजक्या पाल्याचा वास खालच्या पायऱ्यांवर सुटायचा. म्हणून विमल पिण्याचं पाणी गावच्या कारंजावरून आणी. जमिनीखालच्या भुयारांतून गावात येणारं ते पाणी नितळ होतं.

गेल्या वैशाखात दादा टांग्यातून उतरले ते घामानं थबथबलेले, अपमानानं वाकलेले... त्यांनी आधी पाणी मागितलं. विमलनं रांजणातला तांब्या भरून दिला. ते घटाघटा प्याले आणि त्यांचे डोळे भरून आले. हेच ते विहिरीचं पाणी, सांगत नव्हतो का तुला, असं ते वहिनींना पुन्हा पुन्हा म्हणू लागले. दरबाराबरोबर गेलेलं तेज त्यांच्या चेहऱ्यावर परत आलं होतं, आणि खरं सांगायला विमलची जीभ काही उचलली नाही.

मग रोज पहाटे, घर जागं व्हायच्या आत, ती हंडा-कळशी घेऊन कारंजावर जाई, रांगेत बोलणी खाई, मान मोडेस्तोवर खेपा घाली. आणि दादा काय करीत? उकडतंय म्हणून त्या प्यायच्या पाण्यानं दोन-दोनदा अंघोळ! घरची विहीर आहे, पाण्याला काय तोटा, असं म्हणत तांब्यावर तांब्या अंगावर ओतत. वहिनी त्याच पाण्यानं ओसरी धूत. ते गोड पाणी साबणाचा फेस आणि अंगाचा मळ घेऊन गटारात जाताना विमल पाहत राही. दादांच्या अंघोळींची, गल्लीच्या वासापायी वहिनींनी नाकाला लावलेल्या रुमालाची, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे हसून 'हो दादा' म्हणणाऱ्या आपल्याच तोंडाची तिला घृणा येऊ लागली होती. संध्याकाळी रांजणात तळ उरे. तो त्यांच्यासाठी ठेवून ती पायविहीर उतरे, डोळे मिटून ओंजळीनं ते घाणेरडं पाणी पिई. नारू टळावा म्हणून पाणी गाळायला फडकं न्यायचं, तर वहिनींनी विचारलं असतं.

आज दुपारीच रांजण कोरडा पडला. पडवीत पडल्या पडल्या विमलला ऐकू आलं, वहिनी दादांना विहिरीचं पाणी आणायला सांगत होत्या, आणि दादा खुशीत कळशी-तांब्या घेऊन निघालेही होते. ती धडपडत उठून बसली. गप्प राहिली तर घर राहत होतं... आणि पुढच्या वर्षी दादांच्या पायातून असाच एक धागा लोंबणार होता. बोलली तर डोक्यावरचं छप्पर जात होतं. लंगडत, भिंतीला धरत ती धावली.

दादांनी तांब्या भरून तोंडाशी नेला होता. वासानं त्यांचं नाक आक्रसलं होतं, तरी हट्टानं ते पिणारच होते. आपला पाय पाण्याला लागू नये म्हणून कोरड्या पायरीवरच थांबून विमलनं त्यांच्या हातावर फटका मारला. तांब्या ठणठणत खाली गेला.

"वेड लागलं का तुला?"

"नारूचं पाणी आहे दादा. हेच पिऊन झाला मला."

"अगं, हेच तर आम्ही सगळे पितो. मग आम्हाला कसा..."  दादा तिच्या पायाकडे बघत राहिले. "आम्ही काय पितो, विमल?"

"कारंजाचं. मी भरून आणत होती रोज."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घर विकलं असतं, दादा. मी कुठे गेली असती? अन् तुमचा दरबार गेला, मान गेला... एवढी विहीर तरी राहू द्यावी म्हटलं."

दादा पायरीवर बसले. वर्षभराच्या अंघोळी त्यांच्या डोळ्यांपुढून सरकल्या असाव्यात, कारण ते स्वतःच्याच अंगाकडे मळ पाहावा तसे पाहू लागले. बहिणीच्या मानेवरून आलेलं पाणी त्यांनी गटारात सोडलं होतं, आणि ज्या चवीचा आयुष्यभर तोरा मिरवला ती चव त्यांच्या जिभेला ओळखतासुद्धा आली नव्हती! "थू माझ्या जिभेवर," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. वरच्या पायरीवर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण इंदूरचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी दादा वैद्यांना विचारून आले. नारू ओढायचा नसतो, तुटला तर पाय सडतो. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा असतो. ते पडवीत तिच्या पायाशी बसले. विमलनं पाय आखडून घेतला.

"राहू द्या दादा, घाण आहे ती."

"आहेच घाण. पण ती आम्ही केलेली आहे. पाय इकडे कर."

आमटीत केस निघाला तरी ताटावरून उठणारा तो माणूस! धागा काडीला लावताना त्यांना उमासा आला, त्यांनी तोंड फिरवलं, डोळे पुसले, आणि पुन्हा वळून तो किळसवाणा जीव हळूहळू गुंडाळू लागले. त्यांच्या कढत आसवांनी विमलचा घोटा भिजत होता, आणि तिच्या सोसण्याचा बांध पहिल्यांदाच फुटला होता.

एवढ्यात वहिनी दारात आल्या. त्या पायाकडे बघत नव्हत्या.

"मला नाही बघवत ते. फार घाण वाटते वन्सं, खोटं कशाला बोलू?" त्या थांबल्या. कमरेवरची रिकामी कळशी त्यांनी सावरली. "कारंजाकडे कुठल्या गल्लीनं जायचं, तेवढं सांगा."

विमलनं पदरानं डोळे पुसले आणि ती वाट सांगू लागली.