सोमवारचा घाणा

चैत्रातली पहाट पांढरी नावाच्या नदीच्या पात्रात अजून पुरती उतरली नव्हती, तोच सोनवट शहराच्या तटाचे बुरूज अंधारातून एकेक करून वेगळे होऊ लागले. आणि नदीच्या अलीकडे, जिथे सरलष्कर हैबतराव सालोटकरांची फौज गेले पाच महिने तळ ठोकून बसली होती, तिथे एका माणसाने राहुटीचा पडदा सारून नेहमीप्रमाणे त्या बुरुजांकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणेच नजर खाली घेतली. त्याचे नाव भिवजी तेली. हैबतरावांचा तो विश्वासू जासूद. वय चाळिशीच्या आसपास, बायको नाही, मूल नाही. छावणीत त्याच्याशी सगळे बोलत, पण जेवणाच्या वेळी ज्याची त्याची पंगत ठरलेली असे, आणि भिवजीची भाकरी तो एकटाच थापून एकटाच खात असे.

त्याला कारण होते. भिवजी सोनवटचाच, तिथल्या तेली आळीतला. सोमवारी घाणा जुंपायचा नाही हा तेल्यांचा नेम. तो दिवस महादेवाचा, बैलालाही विसावा. अठरा वर्षांपूर्वी एका सोमवारी, लग्नघरचे तेल दुसऱ्या दिवशी द्यायचे होते म्हणून, आणि थोडे तरुणपणाच्या मस्तीतही, भिवजीने घाणा जुंपला. जातीची पंचायत बसली. नाक घासून माफी माग, म्हणाली. त्याने मागितली नाही. तेव्हा थोरला भाऊ खेमाजी, ज्याने त्याला अंगाखांद्यावर वाढवले होते, तोच उठला आणि भिवजीचे कांबळे व तांब्या त्याने स्वतःच्या हाताने उंबऱ्याबाहेर ठेवला. त्या दिवशी जो उंबरा सुटला तो सुटलाच.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा हैबतरावांनी त्याला डेऱ्यात बोलावले. शेजारी वकील सखोपंत पगडी सावरत बसले होते.

"भिवजी," सरलष्कर म्हणाले, "आज पंत तहाची बोलणी करायला शहरात जात आहेत. शहरवाल्यांनी बाजारपेठेच्या वाटेने यायची परवानगी दिली आहे. बोलणी पंत करतील. तू फक्त पेठ पाहायची. शहर उपाशी आहे की खाऊनपिऊन आहे, एवढेच मला हवे. त्यांच्या कुमकेची फौज आठ मजलांवर आली आहे. शहर खाऊनपिऊन असेल, तर ती पाठीवर येण्याआधी मला कूच केले पाहिजे. उपाशी असेल, तर मी चार दिवस दम धरून इथेच बसतो. वेस आपण होऊन उघडेल. मग तीन दिवस शहर फौजेला मोकळे. तसा शब्दच दिला आहे मी शिपायांना."

तीन दिवस शहर मोकळे, म्हणजे काय, हे डेऱ्यातल्या कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. भिवजीने तशी दोन शहरे पाहिली होती.

"पाहशील ना नीट? तुझेच शहर आहे."

"होते, सरकार," भिवजी म्हणाला.

वेशीच्या दिंडी-दरवाजात शहराचे कोतवाल बापूजी शंकर स्वागताला उभे होते. अंगरखा परीटघडीचा, कपाळी गंध, चेहऱ्यावर हसू. फक्त गळ्याची हाडे अंगरख्याच्या वर आली होती. "यावे वकीलसाहेब. आमच्या पेठेत आज जरा वर्दळ आहे, संभाळून यावे," ते म्हणाले आणि पुढे झाले.

वर्दळ खरीच होती. वेशीजवळची भडभुंज्यांची आळी धुराने भरली होती, भट्ट्या रसरसत होत्या आणि कढयांतली वाळू झाऱ्यांनी खसखसा हलत होती. सखोपंतांनी समाधानाने मान डोलावली. भिवजीचे नाक मात्र चुकल्यासारखे झाले. लहानपणी या आळीत शिरले की फुटाण्याच्या खमंग वासाने अर्धे पोट भरायचे. इथे नुसत्या तापलेल्या वाळूचा वास येत होता. पुढे तांबट आळी. तिथे ठोक्यांनी कान किटत होते. एका म्हाताऱ्या तांबटाच्या पुढ्यात एकच हंडा होता आणि त्याचा तळ इतका ठोकून झाला होता की पत्रा पातळ होऊन लकाकत होता. तरी म्हातारा ठोकतच होता, कारण कोतवाल पाहत होते.

हलवायांच्या दुकानांपाशी तर सखोपंतांचे पाऊलच अडले. हा गृहस्थ तहनाम्याचे कलम विसरेल, पण मिठाईचे ताट विसरणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. परातींत बुंदीच्या लाडवांच्या राशी, शेजारी अनारसे, वर वर्खाची चकाकी. भिवजीने नीट पाहिले. पुढचे पाच लाडू लाडू होते. मागची सगळी रास शहरातल्या कातारी कारागिरांनी लाकडातून कातली होती, लाखेचा पिवळा रंग देऊन. आणि अनारसे कुंभाराचे होते. काम इतके सुबक होते की ज्यांनी ते केले त्यांचे हात धरून शाबास म्हणावे असे त्याला वाटले. आपल्या लेकरांच्या तोंडात घालायला काही नाही, तेव्हा ही माणसे परक्याच्या डोळ्यांत घालायला लाडू घडवत बसली होती.

हलवायाने पुढचा एक लाडू वकिलांच्या हातावर ठेवला, दुसरा भिवजीपुढे धरला. धरताना त्याचे डोळे लाडवावरून हलत नव्हते.

"आज सोमवार," भिवजी म्हणाला. "माझा उपास असतो. राहू द्या."

हलवायाने लाडू परातीत ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ लपवलाच. सखोपंत तोंड भरून म्हणाले, "वा, साजूक तूप."

आणि तेवढ्यात, 'सोमवार' हा शब्द तोंडातून गेल्यावर, भिवजीच्या कानांना जे केव्हापासून ऐकू येत होते ते त्याच्या ध्यानात आले. पुढच्या वळणावर तेली आळी होती आणि आळीत घाणा वाजत होता. सोमवारी.

कोतवालांनी सगळ्याचा विचार केला होता. धूर, ठोके, लाडू, नव्या वस्त्रांतल्या बायका, सारे यथास्थित. पण बापूजी शंकर परगावाहून आलेले, कागदपत्रांतले गृहस्थ; तेल्यांचा वार त्यांना ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता त्यांनी तो सांगितला नव्हता. आळीतली बाकीची घरे दारे लावून गप्प होती. वाजत होता तो एकच घाणा, कडुनिंबाखालच्या घरातला. भिवजीच्या घरातला.

"इकडून नको," कोतवाल घाईने म्हणाले, "बैल मारका आहे." दार ओढलेले होते, बोटभर फट होती. भिवजी घाण्यावरच वाढलेला. उखळात फिरणाऱ्या लाकडी लाटेखाली दाणा असला की घाणा कण्हतो, आणि कोरडी लाट फिरली की करकरतो, हे त्याला चालायला यायच्या आधीपासून माहीत. घाणा करकरत होता. आणि त्या आवाजात बैलाचे खूर नव्हते. माणसांची अनवाणी पावले होती, फरफटत चाललेली.

त्याने फटीला डोळा लावला. आत खेमाजी होता. जू त्याच्या खांद्यावर होते, उघडी पाठ दाराकडे, पाठीचा कणा मण्यामण्याने मोजून घ्यावा असा. जुवाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको होती, भिवजीची वहिनी. पदर खोचून, खाली मान घालून दोघे गोल फिरत होते. बैल केव्हाच शहराच्या पोटात गेला असावा.

अठरा वर्षे भिवजीने या घराशी मनातल्या मनात भांडण केले होते. खेमाजीला एक दिवस भर आळीत उभे करीन आणि विचारीन, असे त्याने कितीदा घोकले होते, कितीदा त्या प्रश्नाचे शब्द पक्के केले होते. आज एक शब्द पुरे होता. वकिलांच्या कानात नुसते 'सोमवार' म्हटले की सगळा हिशेब चुकता.

"काय हो भिवजी," सखोपंतांनी विचारले, "तुम्ही तर यातले जाणकार. काय म्हणतो घाणा?"

भिवजी दारापासून मागे झाला आणि आतल्या माणसाला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "दाणा चांगला पडलाय पंत. तेल भरपूर सुटतंय."

दिवस कलायच्या आधी दोघे छावणीत परतले. डेऱ्यात सरदार मंडळी जमली होती. सखोपंतांनी पेठेचे असे रसाळ वर्णन केले की ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. "भट्ट्या पेटलेल्या, परातींना मिठाई मावेना, तेली आळीत घाणा फिरतोय. सरकार, सहा महिने तरी शहर हटत नाही."

हैबतराव लोडाला टेकले होते ते सरळ झाले. "घाणा फिरतोय? पंत, आज वार कोणता?"

"सोमवार, सरकार."

"आपल्या छावणीतला तेली सकाळपासून झाडाखाली पाय पसरून पडला आहे. विचारले, तर म्हणाला, आज घाणा जुंपत नसतात." त्यांची नजर भिवजीवर आली. "तू तेली. तूच सांग. सोनवटच्या तेल्याने आज घाणा का जुंपला?"

भिवजीला अजून वाट मोकळी होती. 'सरकार, तेच सांगायला आलो होतो,' एवढे म्हटले असते, तर शाबासकीचा शेला खांद्यावर पडला असता.

"तीळ आणि कारळ कोठारांत इतका आहे, सरकार, की उंदीर-घुशी लागल्या आहेत," तो म्हणाला. "पावसाआधी गाळून झाले पाहिजे, म्हणून कोतवालांनी सोमवार खुला केला. जातीने मान्य केले. मी स्वतः दाण्याचा आवाज ऐकला."

"जात सोमवार मोडते? ज्या जातीने त्याच कारणासाठी तुला घालवले, ती?"

"माझ्यापाशी हुकूम नव्हता, सरकार. त्यांच्यापाशी आहे."

हैबतरावांनी हात केला, आणि पुजाऱ्याने तबक पुढे आणले. तबकात बेलाचे पान आणि भंडारा.

"बेलभंडार उचल," ते म्हणाले. "आणि पुन्हा सांग."

बेलभंडार खोटा उचलणे ही त्या काळी थट्टा नव्हती. माणूस मान द्यायला तयार होई, पण खोटा बेल उचलायला होत नसे. कारण मान एकट्याची जाते, आणि बेल खोटा उचलला की मागचे-पुढचे सगळे बुडते, असे लोक मनापासून मानत, आणि भिवजीही मानत होता. शिवाय तो दिवस महादेवाचा. त्याला भीती वाटली. डोळ्यांपुढे मात्र ती उघडी पाठ होती आणि वहिनीचा खोचलेला पदर, आणि तीन दिवस मोकळे सोडलेले शहर.

त्याने उजव्या हाताने बेल उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "शहर पोटभर आहे, सरकार. महादेवाची आण."

तिसऱ्या दिवशी सकाळी छावणीने कूच केले. सोनवटच्या तटावर माणसे उभी होती, पण ओरडायची ताकद कोणात नव्हती. ती नुसती पाहत राहिली.

खरे बाहेर आले ते ज्येष्ठात. लांबच्या मुक्कामी सोनवटचा एक लमाण व्यापारी छावणीत आला आणि गप्पांच्या भरात सांगून गेला, की वेढा उठला त्या दिवशी शहरात चिंचोकेसुद्धा उरले नव्हते. हैबतरावांनी भिवजीला बोलावले. ते ओरडले नाहीत.

"का?" एवढेच त्यांनी विचारले.

भिवजीने डोक्याचे पागोटे काढून त्यांच्या पायांशी ठेवले.

"जीव घेत नाही तुझा. खोटा बेल उचलणाऱ्याचे काय ते देव पाहील. ज्या हाताने उचललास तो हात मात्र माझ्या चाकरीत होता, तो मी ठेवून घेतो." मग ते म्हणाले, "ही गोष्ट डेऱ्याबाहेर जाता कामा नये. एका तेल्याने मला फसवले, हे लोकांना कशाला कळायला हवे?"

दिवाळीच्या तोंडावर भिवजी सोनवटच्या वेशीतून आत शिरला, तुटका हात शेल्याखाली घेऊन. कोणी अडवले नाही. पेठ गजबजली होती. हलवायाने त्याला ओळखले नाही. तेली आळीच्या वळणावर त्याचे पाऊल थबकले; मग तो कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला.

खेमाजी ओट्यावर बसला होता. कंबर गेलेली, खोकला लागलेला. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि पुष्कळ वेळाने म्हणाला, "भिवा न्हवं?"

"व्हय, दादा."

"हात?"

"लष्करात होतो. लढाया होतात."

खेमाजीने त्याला ओट्यावर बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. आळीतली दोन-चार माणसे लांब उभी राहिली. दुश्मनाचा डोळा होऊन आलेला हा. त्याला पाणी कोणी द्यायचे, याचा ती विचार करत होती.

"तुजी वहिनी गेली," खेमाजी म्हणाला. "त्या सोमवारी दोघांनी जू घेतलं. कोतवालांचा हुकूम होता, समदी पेठ वाजती पायजे. आज सोमवार हाय म्हनून कुनी सांगायचं? शेजारी न्हाय म्हनले. ती म्हनाली, आपन वाजवू. आठव्या दिशी गेली. निजली ती उठलीच न्हाय." त्याला खोकला आला, तो ओसरेपर्यंत भिवजी उभा राहिला. "जातीपुढं नाक घासलं म्या. तुला ज्यापायी घालवला तेच मी केलं. पर एक इचारतो, खरं सांग. तू दारात व्हतास. तुजा आवाज ऐकला म्या. तुला कायबी कळलं न्हाय?"

भिवजीने त्याच्या तोंडाकडे पाहिले. अठरा वर्षे पक्के करून ठेवलेले सगळे शब्द त्याच्यापाशी होते, आणि नवेही होते. नुसता सफाईने छाटलेला तो उजवा हात शेल्याबाहेर काढला असता, तरी ती लढाईतली जखम नव्हे हे कळायला पुरे होते.

"न्हाय, दादा," तो म्हणाला. "फसलो."

खेमाजी हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. "ऐकलं का रं," त्याने लांब उभ्या राहिलेल्यांना हाक दिली, "तेल्याच्या पोटचा, घाण्यावर वाढलेला, तरी त्याला कळलं न्हाय. असा वाजवला आमी." आळी हसली. जे गंभीर होते तेही हसले, आणि भिवजी मान खाली घालून त्यांच्यात हसला, हसावे लागते तेवढे.

मग माणसे पांगली. खेमाजीने पदराने पुसावे तसे धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"मंग ती उगाच न्हाय गेली," तो हळू म्हणाला.

"न्हाय, दादा," भिवजी म्हणाला. "तिनंच वाचवलं शहर."