एका सायकलीची जागा

शाब्रिनाक गावाच्या नोकरीत मी एकतीस वर्षं रस्ते राखले. गटारं उपसली, कुंपणं छाटली, हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकलं. शेवटची अकरा वर्षं माझ्याकडे जुन्या रेल्वेची वाट होती. रूळ केव्हाच उचलून नेलेले. भराव, खिंडी आणि ओढ्यावरचा कमानी पूल तेवढा उरला होता. त्यावर आमच्याच डोंगरातली तांबूस ग्रॅनाइटची कच अंथरली, रोलर फिरवला, रस्ता आडवा येतो तिथे लाकडी अडसर बसवले आणि मोटारींना बंदीची पाटी ठोकली. तेव्हापासून तिथे सायकली, पायी फिरणारे आणि कधीमधी कुंपण मोडून आलेली एखादी गाय.

रोज संध्याकाळी काम सुटायच्या आधी मी छोट्या ट्रॅक्टरला रुंद दाताळं जोडून आमच्या बाजूचे चार किलोमीटर विंचरायचो. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच विस्कटलेली खडी बघवत नसे. माझी बायको नादेज म्हणायची, "माझ्या केसांवरून इतक्या मायेनं कधी हात फिरवला नाहीस." तिचं खरं होतं. पण सकाळी त्या विंचरलेल्या कचेवर सगळं उमटलेलं दिसायचं. हॉलंडच्या पाहुण्यांचे जाड टायर, डॉक्टरीणबाईंच्या सायकलीचं डगमगणारं पुढचं चाक, रात्री बिळातून निघणाऱ्या बिज्जूची नखं. माणसं काय वाटेल ते सांगतात. मी कचेवर विश्वास ठेवायचो.

माझे वडील, फेर्नां, यांनी चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. ब्याऐंशीव्या वर्षी ते विसरायला लागले. आधी नावं, मग दिवस. आमच्याच घरी आलेली पत्रं उचलून शेजाऱ्यांच्या पेटीत टाकून यायचे. पण सायकलवर बसले की पाठ ताठ आणि हात स्थिर. रोज सकाळी त्याच वाटेनं जुन्या स्टेशनात जायचं, तिथल्या उपाहारगृहात काळी कॉफी प्यायची आणि परत यायचं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

मध्ये फाटक होतं. म्हणजे पूर्वी होतं. आता तिथे जिल्हा रस्ता वाटेला आडवा जातो, आणि वरच्या जंगलातून लाकडाचे ट्रक उतारावरून सुसाट येतात. लिमोजहून माझी बहीण रोझलीन दर रविवारी फोन करायची.

"त्यांची सायकल काढून घे, जेर्वे. एक दिवस पोलीसच दारात येतील."

"काढून घेतली तर खुर्चीत बसतील आणि नाताळ बघणार नाहीत."

"म्हणजे ट्रकखाली गेलेले चालतील तुला?"

तिचं चुकत नव्हतं, माझंही नव्हतं. मला फार भीती वाटायची. कामावर असताना ट्रकचा भोंगा ऐकला की हातातलं फावडं थांबायचं.

त्या सप्टेंबरात एके सकाळी पप्पांच्या चाकोरीशेजारी मला दुसरी चाकोरी दिसली.

पप्पांचा टायर टपालखात्याच्या वेळचा, मागच्या चाकाला ठिगळ. दर दोन मीटरवर चौकोनी ठसा. शेजारची चाकोरी अरुंद आणि गुळगुळीत होती. सायकल कितीही सरळ चालवा, पुढचं चाक जरासं वळतंच, मागचं त्याला सोडून चालतं. इथे एकच रेघ होती, दोरी लावून आखल्यासारखी. आमच्या दारापासून ती नव्हतीच. खिंडीतल्या नेच्यांपाशी ती सुरू होत होती, कडेला कुठून आली याची खूण नव्हती.

असेल कुणी, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. तिसऱ्या दिवशीही. पुलावर ती कठड्याच्या बाजूनं जायची. भरावावर उताराच्या बाजूनं. पप्पा कायम आतल्या अंगाला.

फाटकापाशी मी गुडघ्यावर बसून बघितलं. पप्पांनी पाय टेकला होता, बुटाचा ठसा स्वच्छ होता. शेजारच्यानं पाय टेकला नव्हता. आणि अडसराला वळसाही घातला नव्हता. रेघ सरळ लाकडाखालून पलीकडे गेली होती. अडसर माझ्या मांडीइतका उंच. मीच बसवलेला.

स्टेशनात जोझियानला विचारलं. तिनं तिथे पंधरा वर्षं कॉफी विकली आहे आणि तिच्या नजरेतून माशी सुटत नाही.

"पप्पांबरोबर कोण असतं गं?"

"कोण असणार? एकटेच येतात." ती कप पुसत राहिली. "पण सायकल भिंतीला टेकवताना शेजारी एका सायकलीची जागा सोडतात. परवा एका पाहुण्यानं तिथे आपली लावली, तर काय खवळले! त्या बापड्याला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला."

घरी सूप पिताना मी पप्पांनाच विचारलं.

"तुमच्याबरोबर कोण येतं?"

"तोच."

"तोच म्हणजे कोण? नाव काय त्याचं?"

"नाव कशाला हवं?" पप्पांनी पावाचा तुकडा सुपात बुडवला. "मला काय त्याला पत्र द्यायचंय?"

नादेज हसली. मीही हसलो. पप्पांना कितीतरी महिन्यांनी असं छान काहीतरी सुचलं होतं.

ऑक्टोबरात रोझलीन स्वतः आली आणि माझ्याकडून शब्द घेऊन गेली: सोमवारपासून सायकल कुलपात. मी मान हलवली. पप्पांना सांगायचं धाडस मात्र चार दिवस झालं नाही.

शुक्रवारी सकाळी उठलो तर त्यांची खाट रिकामी. बाहेर इतकं धुकं, की अंगणातली विहीर दिसेना. एवढ्या लवकर ते कधीच निघत नसत. लाकडाचे ट्रक मात्र शुक्रवारी पहाट फुटल्यापासून सुरू होतात.

मी नादेजची सायकल घेतली. कचेवर खाली बघत निघालो, दुसरं काही दिसतच नव्हतं. चौकोनी ठसा, पुन्हा चौकोनी ठसा. खिंडीत शेवाळाचा थंड वास. नेच्यांपाशी डाव्या अंगाला ती गुळगुळीत रेघ आली आणि मला चक्क हायसं वाटलं.

पुलावर असताना ट्रक ऐकू आला. आधी इंजीन. मग भोंगा, लांबलचक. मग ब्रेक.

मग काहीच नाही.

मी हाका मारत होतो की नाही, आठवत नाही.

पप्पा अडसराच्या अलीकडे उभे होते. एक पाय जमिनीवर. समोर रस्त्यावर टायरचा काळा पट्टा आणि जळक्या रबराचा वास. ट्रक पुढे निघून गेला होता.

"वेगात होतो रे," ते म्हणाले. "थांबायचं राहून गेलं."

मी त्यांना धरलं. मग खाली पाहिलं.

त्यांचं पुढचं चाक अडसराजवळच्या मोकळ्या जागेकडे सरळ निघालं होतं. तिथे गुळगुळीत रेघ पहिल्यांदाच वळली होती. ती त्यांच्या पुढ्यात आडवी आली होती. त्यांचं चाक तिच्यापर्यंत पोचून थबकलं होतं, मधोमध, जिथे काहीही नव्हतं.

त्यांच्या कोटाची डावी बाही कोपरापाशी चुरगळली होती. कुणीतरी मुठीत घट्ट धरल्यासारखी.

मी नास्तिक माणूस. चर्चचं छप्पर गळतं तेव्हाच शिडी घेऊन चर्चमध्ये जातो. त्या सकाळी मी टोपी काढली आणि धुक्याला मोठ्यानं म्हणालो, "फार उपकार झाले तुमचे."

पप्पा म्हणाले, "ओरडतोस कशाला? त्याला ऐकू येतं."

सोमवारी मी सायकलीला कुलूप लावलं नाही. रोझलीनला सगळं सांगितलं, ती म्हणाली, "तू जरा विश्रांती घे." पप्पा त्यानंतर चौदा महिने सायकल चालवत राहिले. रोज सकाळी मी दोन चाकोऱ्या बघायचो आणि निवांत कामाला जायचो. नाताळ त्यांनी एक नाही, दोन पाहिले. दुसऱ्या नाताळच्या आठवड्यात, दुपारी, स्वतःच्या खाटेवर झोपेत गेले. त्या चौदा महिन्यांसाठी मी ज्याचा ऋणी आहे, त्याला काय द्यायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर ती रेघ दिसली नाही. मी शोधली. निवृत्त झालो तरी दाताळं सोडलं नाही, ते थोडंफार त्यासाठीच. आता मी चौसष्ट वर्षांचा आहे आणि पप्पांच्या सायकलवर फिरतो. ठिगळाचा टायर तोच.

आज सकाळी स्टेशनाजवळच्या बेकरीतून पाव घेऊन परत येताना सहज खाली नजर गेली. जातानाची माझीच चाकोरी होती. चौकोनी ठसा, पुन्हा चौकोनी ठसा. आणि शेजारी, भरावाच्या उताराकडच्या अंगाला, अरुंद, गुळगुळीत रेघ.

सांगतो, डोळे भरून आले. जुना माणूस वाटेत भेटावा तसं झालं. मी उतरलो, टोपी काढली आणि म्हणालो, "या, या. कुठे होता इतकी वर्षं?"

घरी शिरलो ते ओरडतच. "नादेज, तो परत आलाय! पप्पांचा!"

नादेज टेबलाशी बसली होती. ती आनंदली नाही. माझ्याकडे बघत राहिली. असं बघणं माझ्या ओळखीचं होतं, पण कुणाचं ते चटकन ध्यानात येईना.

"हो," ती हळूच म्हणाली. "काल सांगितलंस. परवाही."

तिनं माझ्या हातातला पाव घेतला आणि पावाच्या डब्याचं झाकण उघडलं. आत तीन अख्खे पाव होते. कुणी सुरी लावली नव्हती.

"हे कुणी आणले?" मी विचारलं.

तिनं हातातला पावही त्यांच्याशेजारी ठेवला. मी वाऱ्याला म्हणून अंगणात आलो. सायकल भिंतीला टेकवलेली होती, पप्पांची, म्हणजे माझी. नेहमी मी ती खिडकीखालीच लावतो. आज ती हातभर पुढे, विहिरीकडे सरकवलेली होती.

खिडकीखाली बरोबर एका सायकलीची जागा मोकळी होती. ती मी कधी सोडली, ते मला आठवत नाही.